ज्ञानाची उजळणी

मराठीत ‘उजळणी’ हा मोठा गोड शब्द आहे. दिवाळी चार दिवसांवर आली की माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी खाली उतरतात, चिंच लावून घासली जातात, आणि अंगणात उन्हात पालथी मांडली की सारे घरच नवे वाटू लागते. भांडे तेच असते. त्याच्यावर चढलेला काळेपणा तेवढा गेलेला असतो. पाढ्यांनाही आपण उजळणीच म्हणत आलो. पूर्वी दिवेलागणीला परवचा म्हणायला बसले की बे एके बे पासून पावकी-निमकीपर्यंत सारी उजळणी होऊन जाई. मध्येच स्वयंपाकघरातून आजीने ‘सात आठे?’ म्हणून विचारले, तर ‘छप्पन्न’ हे उत्तर विचार न करताच तोंडातून बाहेर पडे.

या शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वस्तू आधीपासून आपल्या घरात आहे. तिला फक्त पुन्हा लख्ख करायचे आहे. आता मी तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ज्ञानमीमांसा शिकवतो. परीक्षा महिन्यावर आली की मुले मागे लागतात, ‘सर, आता नवीन काही नको. उजळणी घ्या.’ मुलांचे म्हणणे रास्तच असते. पण दरवर्षी मला प्रश्न पडतो, की उजळणी घ्यायची ती कशाची? भांडे घरात आहे का, हाच तर या विषयाचा प्रश्न आहे.

ज्ञानमीमांसा या नावाने कोणी दचकून पान उलटू नये. विषय तुमच्या-आमच्या घरचाच आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर गृहिणी विचारते, ‘मागच्या दाराला कडी लावलीत ना?’ यजमान म्हणतात, ‘लावली.’ ती पुन्हा विचारते, ‘नक्की?’ आणि यजमान म्हणतात, ‘लावली असेल.’ ‘लावली’ आणि ‘लावली असेल’ या दोहोंमध्ये जी जागा आहे, तिच्यातच हा सगळा विषय मावतो. वाटणे वेगळे आणि ठाऊक असणे वेगळे, हे सर्वांनाच कळते. ते वेगळेपण नेमके कशात आहे, एवढेच सांगता येत नाही.

पाश्चात्त्य परंपरेत या वेगळेपणाचा पहिला मोठा शोध प्लेटोने घेतला. त्याच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस लारिसा नावाच्या गावच्या वाटेचे उदाहरण देतो. एक मनुष्य त्या वाटेने जाऊन आलेला आहे. दुसरा कधी गेलेला नाही, पण वाट कोणती याविषयीची त्याची समजूत बरोबर आहे. प्रवाशाला दोघेही लारिसाला नीट पोचवतील. मग ज्ञान हे नुसत्या बरोबर समजुतीपेक्षा मोलाचे का मानायचे? सॉक्रेटिस सांगतो, डीडलस नावाच्या कारागिराचे पुतळे बांधून ठेवले नाहीत तर पळून जातात म्हणे. बरोबर समजुतींचेही तसेच असते. कारणाच्या दोरीने बांधल्या म्हणजे त्या टिकतात.

या दोरीवरूनच पुढे ती सुप्रसिद्ध व्याख्या झाली: ज्ञान म्हणजे सत्य आणि सप्रमाण असा विश्वास. गाईडांमध्ये ही ‘प्लेटोची व्याख्या’ म्हणून ठळक अक्षरांत छापलेली असते. वस्तुतः ‘थिएटिटस’ या संवादात प्लेटोने तिच्या जवळपासची एक व्याख्या तपासली, ती टिकत नाही असे ठरवले आणि उत्तर न देताच संवाद संपवला. परीक्षेला येणारा प्लेटो आणि ग्रंथातला प्लेटो हे दोन निरनिराळे गृहस्थ असावेत, असा संशय मला पुष्कळदा येतो.

१९६३ साली एडमंड गेटियर या अमेरिकन अध्यापकाने ‘अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात अवघ्या तीन पानांचा एक लेख लिहिला आणि ही व्याख्या पुरती हलवली. त्याचे एक उदाहरण असे. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीसाठी गेले आहेत. नोकरी जोन्सला मिळणार असे स्मिथला वरिष्ठाकडूनच कळले आहे, आणि जोन्सच्या खिशात दहा नाणी आहेत हे त्याने स्वतः मोजून पाहिले आहे. तेव्हा ‘ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत’ असे तो मानतो. प्रत्यक्षात नोकरी मिळते स्मिथलाच. आणि त्याच्या नकळत त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. समजूत खरी ठरली, तिला प्रमाणही होते. पण त्याला हे ठाऊक होते असे म्हणायला जीभ वळत नाही. गेटियर २०२१ साली वारला. त्याने त्या तीन पानांखेरीज फारसे काही लिहिले नाही, आणि त्या तीन पानांवर मात्र इतरांनी कपाटे भरतील इतके लिहून ठेवले.

याच लेखावरून एकदा आमच्या वर्गात मोठी गंमत झाली. मुलांच्या हाती असलेल्या एका गाईडात लेखाचे साल छापताना अंकांची अदलाबदल झाली होती; १९६३ च्या जागी १९३६ पडले होते. पूर्वपरीक्षेच्या पेपरांत निम्म्या वर्गाने अगदी विश्वासाने १९३६ लिहिले. एका मुलाने मात्र १९६३ लिहिले होते. गाईड त्याच्याकडेही तेच होते. मला साहजिकच कौतुक वाटले. मी त्याला विचारले, ‘गाईडातली चूक तुझ्या कशी लक्षात आली?’ त्याचा चेहरा उतरला. ‘सर, १९३६ ना? घाईत आकडे उलटे पडले वाटतं. मार्क कापणार का?’

मी हा प्रसंग त्याच्या संमतीने वर्गापुढे ठेवला. सगळे हसले, तोही हसला. मग एकजण उत्साहाने म्हणाला, ‘सर, हेच तर गेटियरचं उदाहरण!’ बहुतेकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी म्हणाली, ‘नाही सर. गेटियरच्या उदाहरणात समजूत खरी असते. याची समजूत १९३६ चीच होती. खरं लिहिलं ते त्याच्या हातानं.’ झाले, अर्धा तास वर्गात नुसती झुंबड उडाली. १९३६ लिहिणाऱ्यांपाशी दोरी होती, कारण छापील पुस्तकावर विश्वास ठेवणे काही वेडेपणाचे नाही. पण ती बांधली होती खोट्या खुंटाला. या मुलापाशी खरे साल होते, पण ते त्याच्या मनात नव्हतेच. मग गेटियरचे उदाहरण व्हायला काय घडायला हवे होते? शेवटी मुलांनीच ते जुळवले: त्याने गाईड वाचताना चुकून १९६३ असे वाचले असते आणि तेच मनात धरले असते, तर समजूत खरी, छापील पुस्तकाचा आधार आहे असे त्याला वाटते आहे, आणि तरीही सारा खेळ योगायोगाचा. तोपर्यंत दहा नाण्यांची गोष्ट सर्वांना पाठ होती. गेटियर कळला तो त्या अर्ध्या तासात.

त्या मुलाला सालाचा गुण मी दिला. पेपर तपासणाऱ्याला हातापलीकडचे दिसत नाही, आणि त्याने ते पाहू जाऊही नये. पण तो गुण ज्ञानाला दिला असे मी म्हणणार नाही.

योगायोगाने खरे ठरणाऱ्या समजुतींचा हा प्रश्न गेटियरने प्रथम शोधला असे मानण्याचे कारण नाही. ‘नैषधीयचरित’ लिहिणारा श्रीहर्ष बाराव्या शतकात होऊन गेला. त्याच्या ‘खंडनखंडखाद्य’ या ग्रंथात मुठीतल्या कवड्यांचे उदाहरण आहे. एकजण मूठ मिटून विचारतो, किती कवड्या? दुसरा उगीच म्हणतो, पाच. आणि मूठ उघडावी तो खरोखर पाच निघतात. याला प्रमा, म्हणजे यथार्थ ज्ञान, म्हणायचे काय? श्रीहर्षाचा रोख प्रमेची व्याख्याच होऊ शकत नाही हे दाखवण्याकडे होता. मुलांना मात्र कवड्या नाण्यांपेक्षा लवकर कळतात. पत्ते आणि सारीपाट घरोघरी चालणाऱ्या देशात ते बरोबरच आहे.

पण उजळणीविषयी खरा धक्का देतात ते नैयायिक. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा सतराव्या शतकातला, नवशिक्यांसाठीच रचलेला लहानसा ग्रंथ. आठल्ये आणि बोडस या दोघां मराठी विद्वानांनी सिद्ध केलेली त्याची आवृत्ती मुंबईत १८९७ साली निघाली, आणि आजही अभ्यासक ती हाताशी ठेवतात. या ग्रंथात बुद्धीचे, म्हणजे जाणिवेचे, दोन भाग केले आहेत: स्मृती आणि अनुभव. प्रमा हा अनुभवाचा प्रकार. स्मृतीला तिथे जागाच नाही. स्मृती बरोबर असली तरीही नाही, कारण ती मागच्या अनुभवाने ठेवलेल्या संस्कारातून उठते. तिच्यात जे खरे असेल ते उसने.

हे सांगितले की मुले आश्चर्याने बघतात. ‘म्हणजे सर, परीक्षेत आम्ही आठवून लिहितो ते ज्ञानच नव्हे?’ तीन तासांत नुसते आठवलेच असेल, तर नव्हे. यावर भाट्ट मीमांसक आणखी कडक आहेत. त्यांच्या मते ज्ञान हे पूर्वी न जाणलेल्याचेच असले पाहिजे. मग उजळणीला जागा उरणे कठीण! न्यायमताने मात्र एक दार उघडे राहते. तोच घट दुसऱ्यांदा डोळ्यांनी पाहिला, तर दुसरे पाहणेही पाहणेच आहे. तोच युक्तिवाद दुसऱ्यांदा मनाने चालून गेलात, प्रत्येक पायरीवर ‘हे असेच का’ म्हणून थबकलात, तर दुसऱ्या खेपेलाही तो अनुभव आहे. तेव्हा उजळणी दोन प्रकारची झाली. एक आठवण्याची, दुसरी पुन्हा पाहण्याची. उत्तरपत्रिकेत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि सगळी पंचाईत तिथे आहे.

‘मेनो’मध्येच याचा दाखला आहे. सॉक्रेटिस घरच्या एका अशिक्षित गुलाम मुलाला चौरस काढून दाखवतो आणि विचारतो, याच्या दुप्पट क्षेत्राचा चौरस हवा तर बाजू केवढी घ्यावी? मुलगा आधी म्हणतो दुप्पट; चौरस चौपट होतो. मग दीडपट म्हणतो. तेही जास्तच होते. तो गोंधळतो, गप्प होतो, आणि अखेर प्रश्नांच्या आधाराने कर्णावर येतो. उत्तर बरोबर. पण याला आता ज्ञान झाले, असे सॉक्रेटिस म्हणत नाही. तो म्हणतो की या समजुती आत्ता कुठे स्वप्नासारख्या जाग्या झाल्या आहेत. याच गोष्टी कोणी त्याला पुनःपुन्हा आणि निरनिराळ्या रीतींनी विचारील, तर शेवटी त्याला त्या कोणाहूनही कमी ठाऊक असणार नाहीत. पुनःपुन्हा आणि निरनिराळ्या रीतींनी, हे दोन्ही मिळून. गाईड पहिली अट पाळते. दुसरी पाळणे छापील कागदाला शक्य नाही, कारण तो मुलाचे उत्तर ऐकून पुढचा प्रश्न बदलत नाही.

इथवर आले की हुशार मुलांना एक ताप चढतो, आणि तो मला घोकंपट्टीपेक्षा अधिक भयंकर वाटतो. ‘मी स्वतः पाहिले, स्वतः तपासले, तेवढेच ज्ञान, बाकी सारे ऐकीव’ असे त्यांना वाटू लागते. त्यांना इंग्लंडातल्या क्लिफर्ड या गणितज्ञाचा आधार मिळतो. १८७७ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात एका जहाजमालकाची गोष्ट आहे. जहाज जुने झालेले, दुरुस्तीला आलेले. मालकाच्या मनात शंका येतात, पण तो त्या दडपतो, आजवर जहाज सुखरूप आलेच आहे अशी स्वतःची समजूत घालतो, आणि देशांतराला निघालेल्या माणसांनी भरलेले जहाज सोडतो. जहाज बुडते. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचले असते तरी तो तितकाच दोषी ठरला असता. कारण त्याला तसे मानण्याचा अधिकार नव्हता. इथपर्यंत मला क्लिफर्ड पूर्ण मान्य आहे. पण पुढे तो नियम करतो, की अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणे कोणालाही, कुठेही, केव्हाही गैरच. हा नियम अक्षरशः घेतला तर आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला मानता येणार नाही. आपण जन्मलो तेव्हा हजर होतो खरे, पण साक्षीला उपयोगी पडलो नाही. आई सांगते म्हणून ती तारीख.

आपल्याकडच्या दर्शनकारांनी ‘शब्द’ हे स्वतंत्र प्रमाण मानले, ते मला अतिशय शहाणपणाचे वाटते. विश्वासू माणसाचे बोलणे हे ज्ञानाचे खरेखुरे साधन आहे, डोळ्यांइतकेच. शेजारीण हाक मारते, ‘वहिनी, नळाला पाणी आलं!’ मीमांसक आणि नैयायिक दोघेही बादली घेऊन धावतील. धावता धावता मीमांसक म्हणेल, शंकेला कारण नसताना ऐकलेले खरे मानणे हाच जाणण्याचा स्वभाव आहे, म्हणून मला आत्ताच ठाऊक झाले. नैयायिक म्हणेल, ठाऊक तर मलाही झाले, पण ते ठाऊक होणे बरोबर होते हे बादलीत धार पडल्यावर कळेल. यावर मीमांसक विचारतो, ‘आणि ती धार दिसते आहे हे बरोबर, ते कशावरून?’ हा वाद शेकडो वर्षे चालला. दोघांनी मिळून बादली भरून घेतली असावी असे आपण समजू.

मात्र सगळेच शब्दावर घेता येत नाही. लारिसाची वाट घेता येते, गेटियरचे साल घेता येते, डॉक्टरांनी सांगितलेले औषध घेता येते. पण ‘ही व्याख्या टिकत नाही’ हे माझ्या शब्दावर घेतले, तर हाती काहीच पडत नाही. ती का टिकत नाही हे ज्याचे त्यानेच पाहावे लागते. पहिल्या जातीची गोष्ट शिक्षकाने बिनदिक्कत सांगावी आणि मुलांनी विश्वासाने उतरून घ्यावी. दुसऱ्या जातीची गोष्ट पहिलीसारखी वाढून ठेवणे, याला मी फसवणूक म्हणतो. मग मुले कितीही आनंदाने ती जेवोत.

आणि कोणाचा शब्द घ्यायचा? मला जे सांगायचे आहे ते इथे आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा एका मुलाने वर्गात आपल्या घरची हकीगत सांगितली. शेतकऱ्याचा मुलगा; त्या घरातून कॉलेजात आलेला पहिलाच. हरभऱ्याच्या पेरणीचे दिवस होते, परतीचा पाऊस चांगला झाला होता आणि वडील वाफसा यायची वाट पाहत होते. वाफसा म्हणजे जमिनीतली ओल अशी बेताची होणे, की बी कुजणार नाही आणि कोरडेही पडणार नाही. एका सकाळी वडिलांनी मूठभर माती उचलली, दाबली, सोडली आणि म्हणाले, ‘आला वाफसा.’ मुलगा नुकताच प्रमाणे शिकून गेलेला. त्याने विचारले, ‘आबा, तुम्हाला कशावरून ठाऊक?’ ‘हातात घेतली की कळतंय.’ ‘हे काही प्रमाण झालं नाही.’ आबा थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘मग तूच सांग, कवा पेरायचं.’

मुलाने हे हसत सांगितले. वर्गही हसला. मला हसू आले नाही. वर्षभर मी ज्या विषयाची उजळणी घेतो, त्याचा उपयोग एका घरात मुलाने बापाला गप्प करण्यासाठी झाला होता. ज्ञानमीमांसेचे हे दुसरे टोक पुस्तकात नसते. ‘सप्रमाण’ या शब्दाचा अर्थ ‘ज्याला प्रमाण बोलून दाखवता येते तो’ असा केला की ज्ञान हे बोलता येणाऱ्यांच्या मालकीचे होते, आणि आया, बाप, गवंडी, सुईणी, नावाडी हे सगळे एका क्षणात अज्ञानी ठरतात. मिरांडा फ्रिकर या इंग्रज विदुषीने २००७ साली या अन्यायावर एक पुस्तक लिहिले. माणसाच्या सांगण्याला त्याच्या जातकुळीकडे, वर्णाकडे, स्त्रीपणाकडे पाहून कमी वजन देणे हा त्याच्यावर जाणता माणूस म्हणून केलेला अन्याय आहे, असे तिचे म्हणणे. आपल्याकडे न्यायसूत्रांवर भाष्य करणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचे, म्हणजे ज्याचा शब्द प्रमाण मानावा अशा माणसाचे, लक्षण सांगितले आहे: त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी, आणि जशी जाणली तशी सांगण्याची त्याची इच्छा असावी. आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखेच लागू आहे, असेही तो स्पष्ट म्हणतो. ज्या समाजाने पुढे कोणाचा शब्द घ्यायचा आणि कोणाचा नाही हे जन्मावरून ठरवले, त्याच समाजाच्या ग्रंथात हे लिहिलेले होते.

(आता प्रश्न विचारला की क्षणात निबंध लिहून देणारी यंत्रे निघाली आहेत, आणि माझ्या विद्यार्थ्यांना ती गाईडापेक्षा सोयीची वाटतात. त्यांना आप्त म्हणायचे का, असे मुले विचारतात. मी त्यांना वात्स्यायनाच्या दोन अटी लावून पाहायला सांगतो. दुसऱ्या अटीपाशी, सांगण्याच्या इच्छेपाशी, वर्ग हमखास अडतो.)

त्या मुलाच्या गोष्टीकडे वळतो. मी काही बोलायच्या आत एका मुलीने त्याला विचारले, ‘आबांना कारण सांगता आलं नाही, म्हणून त्यांच्यापाशी कारण नव्हतं असं तू कसं म्हणतोस?’ तिला उत्तर ठाऊक होते की नाही कोण जाणे, पण नैयायिकांना होते. ते अनुमानाचे दोन प्रकार करतात. स्वयंपाकघरात, इतर ठिकाणी पुनःपुन्हा धूर आणि अग्नी एकत्र पाहिलेला माणूस डोंगरावर धूर पाहतो आणि तिथे अग्नी आहे हे त्याचे त्याला कळते, हे स्वार्थानुमान. दुसऱ्याला पटवायचे तर प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन अशी पाच वाक्ये मांडावी लागतात, हे परार्थानुमान. दोन्ही अनुमानेच. आबांच्या हातात कित्येक हंगामांचे पाहणे साठलेले होते. नव्हती ती पाच वाक्ये.

मी मुलाला सांगितले, ती पाच वाक्ये तू लिहून आण. उजळणी म्हणून. प्रतिज्ञा त्याला लगेच आली: या जमिनीला वाफसा आला आहे. हेतूपाशी तो थांबला, कारण माती मुठीत दाबून सोडल्यावर आबा नेमके काय पाहतात हे त्याने कधी पाहिले नव्हते. पुढच्या खेपेला घरी गेला तेव्हा त्याने विचारून घेतले. गोळा चिकट राहिला तर ओल फार. वळतच नसेल तर ओल गेली. वळून खाली टाकल्यावर फुटला तर वाफसा. शिवाय माती पायाला लागते का तेही बघायचे. तो म्हणाला, आबा हे सांगताना तासभर बोलत होते, आणि एक-दोन गोष्टी अशा निघाल्या की त्या त्यांनाही शब्दांत धरता येईनात. नुसती माती त्याच्या हातात देऊन ते ‘हे बघ’ म्हणाले.

ऑक्सफर्डचा ऑस्टिन याने १९४६ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदवले. ‘मला ठाऊक आहे’ असे म्हणणे हे वचन देण्यासारखे आहे. मी तसे म्हणालो, की माझ्या शब्दावर विसंबून पुढे जाण्याचा अधिकार मी ऐकणाऱ्याला देतो. ‘मला वाटते’ म्हणताना मी तो देत नाही. हे वाचताना मला त्या बापाची आठवण येते. ‘आला वाफसा’ म्हणताना त्याने घरातले बियाणे आणि वर्षाची भाकरी त्या शब्दामागे ठेवली होती. ‘हे प्रमाण झालं नाही’ म्हणणाऱ्याने मागे काहीच ठेवले नव्हते. ‘मग तूच सांग’ हे नुसते रागाचे वाक्य नव्हते. ऑस्टिनचा मुद्दाच त्यात होता. शंका घ्यायला हरकत नाही. क्लिफर्डच्या जहाजमालकाने ती घेतली असती तर माणसे वाचली असती. पण शंका घेणाऱ्यावरही काही देणे असते.

आता परीक्षेचे काय, असे पालक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न हलका लेखावा असा नाही. लहान गावातल्या मुलाला या गुणांवर नोकरी, शिष्यवृत्ती, पुढचा प्रवेश मिळायचा असतो. ‘स्वतः पाहा’ असे पोट भरलेल्या प्राध्यापकाने सांगणे सोपे आहे. म्हणून जे शब्दावर घेण्याजोगे आहे ते मी एका पानावर सरळ लिहून देतो: नावे, साले, ग्रंथ, व्याख्या. ते पाठ करा म्हणतो, आणि पाठ झाले का हेही विचारतो. पाठांतराला नावे ठेवणाऱ्या माणसाचे मला नेहमी नवल वाटते. आधी काही कंठात नसेल तर पाहायचे तरी काय?

बाकीची उजळणी चिठ्ठ्या टाकून होते. प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. तिच्यावर ज्याचे मत असेल ते मत, आपले नसले तरी, उभे राहून मांडायचे. अट अशी की पहिली पाच मिनिटे कोणत्याही तत्त्ववेत्त्याचे नाव घ्यायचे नाही. नाव घेतले की मुले नावाआड दडतात. ही युक्ती माझी नव्हे. आपल्या शास्त्रग्रंथांची ती रीतच आहे. आधी पूर्वपक्ष, तोही इतक्या प्रामाणिकपणे मांडायचा की विरोधकाने ‘होय, हेच माझे म्हणणे’ म्हणावे, मग उत्तर. १९८३ साली पुण्यात मे. पुं. रेगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक पंडित आणि आधुनिक तत्त्वज्ञ यांना समोरासमोर बसवले आणि रसेलचे विचार संस्कृतातून पंडितांपुढे ठेवले, तेव्हा हीच रीत उपयोगी पडली. आमच्या वर्गात तेवढी विद्वत्ता नसते, गोंगाट मात्र भरपूर असतो.

त्याने गुण वाढतात का? काहींचे वाढतात. काहींचे थोडे कमीही होतात, कारण स्वतः पाहिलेली गोष्ट लिहायला वेळ लागतो आणि पेपर तीन तासांचाच असतो. हे मी मुलांपासून लपवत नाही.

गेल्या वर्षी एका मुलीच्या चिठ्ठीत चार्वाक आला. ती मुळात फार भिडस्त; पण उभी राहिली आणि प्रत्यक्षाखेरीज दुसरे प्रमाण नाही, अनुमान कधीही दगा देते, हे तिने असे काही ठासून मांडले की वर्ग तिच्यावर तुटून पडला. एकाने विचारले, ‘मग उद्या सर वर्ग घेणार आहेत, हे तुला ठाऊक नाही म्हणतेस?’

‘नाही,’ ती म्हणाली, ‘पण मी येऊन बघीन.’